लाल चेरीच्या टँकमध्ये अचानक निळी मादी: नवीन रंग, आजार की नुसता मूड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षं जुनी फायर रेड चेरी श्रिम्पची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या पाळीव लाल कोळंबीची कॉलनी, सगळे लालभडक, आणि गेल्या दोन महिन्यांत त्यात एक मोठी मादी निळसर दिसायला लागली, तीन-चार पिल्लं तपकिरी पट्ट्यांची निघाली, एक नर दुधासारखा पांढरा पडलाय आणि बाकीच्यांचाही रंग उतरल्यासारखा वाटतोय. ही म्युटेशन आहे का, खाण्यामुळे झालंय का, आजार आहे का, आणि निळीला वेगळं काढून तिची लाइन, म्हणजे त्याच रंगाची वेगळी पैदास, करता येईल का? आणि प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता म्हणतात तसं, दोन गोष्टी लिहिल्यात की तीन महिन्यांपूर्वी तळाची काळी सॉइल काढून पांढरी वाळू घातली आणि सहा महिन्यांपूर्वी दुसरीकडून दहा साकुरा, म्हणजे जरा हलक्या ग्रेडचे लाल चेरी, आणून सोडले. अहो, हेच आधी सांगायचं ना! अर्धं उत्तर त्या दोन ओळीतच आहे.

घाईत असाल तर एवढं करा. पांढरा पडलेला नर आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, बाकीचं वाचायच्या आधी. फिकट पडलेल्यांची काळजी करू नका, ते वाळूमुळे आहे. तपकिरी पिल्लं त्या दहा पाहुण्यांची देणगी आहे. आणि निळीबद्दल आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही, तिला वेगळ्या डब्यात टाका आणि दोनदा कात टाकेपर्यंत थांबा. म्हणजे एकाच टँकमध्ये चार वेगळ्या रंगाचे प्राणी आणि कारणंही चार वेगळी. लोकं सगळ्यांना एकच कारण शोधत बसतात म्हणून गोंधळ होतो.

मी पंधराएक वर्षं श्रिम्प पाळतोय, त्यातली पहिली पाच तर नवीन रंग सापडला म्हणून उड्या मारण्यातच गेली, आणि त्यातलं नव्वद टक्के काहीच नव्हतं. म्हणून आता नियम केलाय, रंग दिसला म्हणजे रंग नाही. कात टाकल्यावर टिकला, खाणं-वाळू-लाइट बदलून टिकला आणि पिल्लांत किंवा नातवंडांत उतरला तरच तो रंग, नाहीतर तो त्या दिवसाचा मूड.

आता मूड का म्हणतोय ते. तुमच्या लाल चेरीने टाकलेली कात कधी नीट बघितलीये का? बोटावर घेऊन बघा, पातळ काचेच्या पापुद्र्यासारखी असते, जवळजवळ बिनरंगाची. म्हणजे रंग कवचात फारसा नसतोच, तो कवचाखालच्या त्वचेत असतो, क्रोमॅटोफोर नावाच्या पेशींमध्ये. साधं दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि फिकट पिल्लू काचेजवळ आलं की बघा, अंगावर लाल ठिपके दिसतील, आणि काही ठिपक्यांना झाडाच्या मुळांसारख्या फांद्या फुटलेल्या दिसतील. रंगाचे कण त्या फांद्यांत पसरले की श्रिम्प गडद, मध्यभागी गोळा झाले की तोच श्रिम्प फिकट. हे पसरणं-गोळा होणं हार्मोनवर चालतं आणि ते हार्मोन डोळ्यांच्या देठातून सुटतात, त्यातल्या लाल रंग गोळा करणाऱ्या हार्मोनची रचना तर 1972 मध्येच उलगडली होती. डोळ्याला खाली काय दिसतंय, उजेड किती, धोका आहे का, यावर अंगाचा रंग कमीजास्त होतो. त्यामुळे पांढऱ्या वाळूवर श्रिम्प फिकट होणं म्हणजे तो आजारी नाही, तो लपतोय. बिचारा हजारो पिढ्या हेच करत आलाय.

हा बदल दोन पातळ्यांवर होतो हे लक्षात ठेवा. कण गोळा होणं तासाभरात, कधी मिनिटांत होतं, म्हणून पिशवीतून आणलेला लाल चेरी टँकमध्ये सोडताना फिक्का गुलाबी दिसतो आणि दोन दिवसांनी तोच लाल होतो. पण महिनोन् महिने पांढऱ्या वाळूवर राहिला तर रंगाचे कण बनणंच कमी होतं, आणि मग गडद तळ घातला तरी परत रंग चढायला आठवडे लागतात, कधी एकदोन काती जाव्या लागतात. तुमची वाळू घालून तीन महिने झालेत म्हणजे तुम्ही दुसऱ्या पातळीवर आहात. काळी वाळू किंवा सॉइल परत घाला, अर्ध्या टँकमध्ये घातली तरी चालेल, वर मॉस आणि सुकी पानं टाका, आणि महिनाभर बघत राहा. अगदी वरच्या ग्रेडचे, म्हणजे पायापर्यंत लाल रंग भरलेले असतील तर ते वाळूवरही फार उतरत नाहीत. साकुरा आणि त्याखालचे उतरतात. नर तर उतरतातच, नराचा रंग मुळातच मादीपेक्षा पातळ असतो, त्यावरून कॉलनीची किंमत करू नका.

खाण्याचं पण सांगतो कारण विचारलंय. लाल-नारिंगी रंगाचं मूळ कॅरोटिनॉइड, आणि श्रिम्प ते स्वतः शून्यातून बनवू शकत नाही, त्याला ते शेवाळातून, काचेवर-पानांवर जमणाऱ्या जिवाणूंच्या थरातून (बायोफिल्म), खाण्यातूनच मिळवावं लागतं, मग बीटा-कॅरोटीनसारख्या पदार्थापासून तो अॅस्टाझॅन्थिन तयार करतो. म्हणून शेवाळ साचलेल्या जुन्या टँकमधले श्रिम्प चकाचक टँकमधल्यांपेक्षा जास्त रसरशीत दिसतात. पण खाणं फक्त आहे तो रंग खुलवतं, नसलेला रंग आणत नाही. स्पिरुलिना घातली म्हणून लालाचा निळा झाला, असं होत नाही. एक गंमत मात्र होते, पारदर्शक श्रिम्पच्या पाठीतून आतडं दिसतं, त्यामुळे हिरवं खाल्लं की पाठीवर हिरवी रेघ, लाल गोळी खाल्ली की लाल रेघ. माझ्या एका मित्राने स्नोबॉल या पांढऱ्या श्रिम्पमध्ये लाल पाठपट्टी निघाली म्हणून रात्री अकराला फोन केला होता, सकाळी पट्टी गायब. मी काही बोललो नाही, मीही त्यातून गेलोय.

आता तपकिरी पिल्लं. आपण ज्याला चेरी म्हणतो ती निओकॅरिडिना डेव्हिडी, जुन्या लेखांत हेटेरोपोडा नावाने सापडेल. लाल, पिवळा, नारिंगी, निळा, काळा, चॉकलेट, हिरवा, रिली (डोकं-शेपटी रंगीत आणि मधलं अंग पारदर्शक), हे सगळे एकाच जातीचे आहेत, फक्त माणसाने निवडून निवडून वेगळे केलेत. जंगलातला मूळ श्रिम्प पारदर्शक अंगाचा, तपकिरी-हिरवट-करडे ठिपके आणि पट्टे असलेला, पाचोळ्यात बसला तर सापडणार नाही असा. त्याच्या अंगात सगळ्याच रंगांचे थोडेथोडे कण असतात. आपण लाल लाइन केली म्हणजे लाल नव्याने बनवला असं नाही, लाल वाढवला आणि बाकीचे दाबले.

आणि इथे एक गोष्ट आहे जी नव्या माणसाला पटतच नाही. लाल आणि निळा मिसळला की जांभळा होत नाही, बहुतेक वेळा तपकिरी होतो. एवढंच कशाला, निळ्यात निळा मिसळला तरी तपकिरी होऊ शकतो! कारण निळ्या चेरीच्या लाइन वेगवेगळ्या वाटांनी आल्यात, काही रिलीतून निघाल्या, काही चॉकलेटमधून. समजा मूळ रंग बनवायचं काम दोन कारागिरांच्या हातून जातं. एका लाइनमध्ये पहिला कारागीर नाहीये, दुसऱ्या लाइनमध्ये दुसरा नाहीये, आणि दोन्हीकडे काम अडकल्याने माल दिसायला सारखाच, निळा. या दोघांचं पिल्लू झालं की त्याला आईकडून एक कारागीर मिळतो आणि बापाकडून दुसरा, काम पूर्ण होतं आणि पिल्लू जंगली तपकिरी निघतं. आईबाप दोघं सुंदर निळे आणि पोरं मातकट, मग विकणाऱ्याला शिव्या. त्याची चूक असेलच असं नाही.

तुमच्याकडे पण तेच झालेलं दिसतंय. आणलेले दहा साकुरा दिसायला लाल पण त्यांची लाइन वेगळी, किंवा त्यात कोणाच्या तरी पोटात दुसऱ्या रंगाचं रक्त. लाल दिसतोय म्हणजे शुद्ध लाल असं नसतं, एक आजोबा चॉकलेट असू शकतात. ही पिल्लं आजारी नाहीत, उलट बऱ्याचदा सगळ्यात टणक हीच असतात. पण लाल लाइन जपायची असेल तर ती वयात यायच्या आधी, म्हणजे दोन-अडीच महिन्यांच्या आत वेगळ्या टँकमध्ये हलवा. मारायची काही गरज नाही, कल टँक, म्हणजे लाइनमध्ये न बसणाऱ्यांसाठी वेगळा टँक, ठेवा, मला तर माझा कल टँकच जास्त आवडतो, त्यात रोज काहीतरी नवीन दिसतं. फक्त नदी-ओढ्यात सोडू नका. जर्मनीत वीज प्रकल्पाच्या कोमट पाण्याच्या ओढ्यात ही जात आपोआप वाढताना सापडल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालंय, ते बहुधा कोणीतरी असेच नकोसे झालेले सोडलेले.

एक शंका लगेच येईल, तीन-चारच पिल्लं तपकिरी आणि बाकी लाल, असं कसं? मादी एका वेळी वीस-तीस अंडी धरते आणि दर वेळी नव्याने जोडी लावते. श्रिम्पची मादी नराचं बीज पुढच्या खेपांसाठी साठवून ठेवत नाही, कात टाकल्यावर लगेच मीलन होतं आणि ती खेप त्या मीलनाची. म्हणजे मागच्या महिन्यात ती कुठल्या नराबरोबर होती याचा या महिन्याच्या पिल्लांशी संबंध नाही. टँकमध्ये डझनभर माद्या आणि त्यातल्या एकीची खेप पाहुण्या नराची, एवढं पुरेसं आहे. याचा एक फायदाही आहे, तो निळीच्या बाबतीत पुढे कामाला येईल.

आता ती निळी. निळा हा क्रस्टेशियनमधला, म्हणजे खेकडे-कोळंबीच्या कुळातला, सगळ्यात फसवा रंग आहे. लॉबस्टरमध्ये यावर बराच अभ्यास झालाय, त्याच्या कवचातलं अॅस्टाझॅन्थिन मुळात लाल-नारिंगी, पण क्रस्टासायनिन नावाच्या प्रथिनाने त्याला आवळून धरलं की ते निळं दिसतं, या प्रथिनाची रचना 2002 मध्ये उलगडली. उकळलं की प्रथिनाची पकड सुटते आणि आतला लाल बाहेर येतो, म्हणून शिजवलेला लॉबस्टर लाल, आणि टँकमध्ये मेलेला श्रिम्प काही वेळाने गुलाबी-नारिंगी दिसतो तोही याच तऱ्हेने. म्हणजे लाल आणि निळा हे दोन वेगळे डबे नाहीत, बऱ्याचदा एकाच रंगद्रव्याची दोन रूपं आहेत. शिवाय श्रिम्पमध्ये निळा रंग पेशीत बांधलेला न राहता आसपासच्या उतीत पसरू शकतो, सरबतात रंग पसरावा तसा. समुद्रातल्या हिप्पोलिटी व्हेरिअन्स या श्रिम्पवर गॅम्बल आणि कीबल या दोघांनी 1900 मध्ये मोठं काम केलंय, तो दिवसा शेवाळासारखा हिरवा, लाल, तपकिरी काहीही असू शकतो पण रात्री सगळेच पारदर्शक निळे होतात. तुमच्या टँकमध्ये पण करून बघा, लाइट बंद झाल्यावर चार-पाच तासांनी मंद टॉर्च घेऊन जा, कमी ग्रेडचे लाल चेरी फिकट आणि किंचित निळसर झालेले दिसतील.

म्हणून निळीसाठी पहिला प्रश्न, ती कधी निळी दिसते? दुपारीही तेवढीच निळी आहे का? आणि लाइट कुठला आहे? आजकालच्या आरजीबी लाइटमध्ये निळा चॅनल वर केला की पारदर्शक श्रिम्प निळाच दिसतो, त्यात मोबाईलचा कॅमेरा आपल्या मनाने रंग ठरवतो. तिला पांढऱ्या वाटीत घ्या, खिडकीच्या उजेडात, शेजारी एक लाल मादी ठेवा आणि मग बघा. इथेच अर्धे नवीन रंग मरतात.

दुसरा प्रश्न, ती आधी लाल होती का? मोठी मादी लाल होती आणि हळूहळू निळसर झाली, तर मी म्हातारपण, ताण किंवा लाल रंग विरळ होऊन खालचा निळा दिसणं असं काहीतरी धरीन. चेरीचं आयुष्य दीड-दोन वर्षांचं, शेवटच्या महिन्यांत रंग विचित्र होतातच. पण जर ती पिल्लू असल्यापासून निळी होती आणि तुम्हाला आत्ता दिसली, जे मॉस भरलेल्या टँकमध्ये अगदी शक्य आहे, तर मग खरंच रक्तातला रंग असू शकतो. आणि तिसरी शक्यता आहेच, ती त्या दहा पाहुण्यांबरोबर आलेली किंवा त्यांचीच पोर. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला हीच जास्त वाटते. नवीन म्युटेशन होते, पण तुमच्याच टँकमध्ये आणि त्याच सहा महिन्यांत झाली असेल यापेक्षा पिशवीतून आली असेल हे जास्त सोपं आहे.

डोळे पण बघा. चेरीमध्ये याचा फार उपयोग होत नाही पण टायगर श्रिम्पमध्ये होतो, निळ्या टायगरची एक लाइन नारिंगी डोळ्यांची असते. डोळ्याचा रंग वाळूने किंवा खाण्याने बदलत नाही, त्यामुळे अंगाबरोबर डोळाही वेगळा निघाला तर ते रक्तातलं आहे असं मी जवळजवळ लगेच मानतो.

आता आजाराकडे येतो, कारण पांढऱ्या नराला आधी बाहेर काढा म्हटलं ते उगाच नाही. पांढरे श्रिम्प असतात, स्नोबॉल असतात, पण रंगाचा पांढरा आणि मांसाचा पांढरा यात फरक आहे. नराला काचेच्या ग्लासात घ्या आणि मागून टॉर्च मारा. निरोगी श्रिम्पचं शेपटीचं मांस काचेसारखं असतं, त्यातून उजेड आरपार येतो, वरचा रंग कुठलाही असो. मांसच उकडल्यासारखं अपारदर्शक, खडूसारखं दिसत असेल तर ते बहुतेक मायक्रोस्पोरिडियासारखा परजीवी किंवा स्नायू मरणं. पाण्यात मोठा झटका बसला, म्हणजे एकदम भरपूर पाणी बदललं, तापमान उतरलं, तरीही असं होतं आणि ते संसर्गाचं नसतं, पण बाहेरून बघून दोन्हींत फरक करता येत नाही. आणि परजीवी असला तर त्यावर घरी करण्यासारखं औषध नाही, आणि मेल्यावर बाकीचे त्याला खातात तेव्हा तो सगळ्यांत पसरतो. म्हणून वेगळा डबा, वेगळी जाळी, आणि मेला तर त्याच दिवशी बाहेर. एकच असेल आणि महिनाभरात दुसरा दिसला नाही तर सुटलात.

माझी सगळ्यात मोठी फजिती रंगाच्या हौसेतूनच झालीये, ती सांगतो म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. सातआठ वर्षांपूर्वी एका निळ्या मादीच्या पोटाखाली पिवळट-हिरवा गुच्छ दिसला. मला वाटलं अंडी, आणि काय सुंदर रंगाची अंडी, माझ्या बाकीच्या निळ्यांची अंडी मातकट असायची. मी तिला उचलून थेट ब्रीडिंग टँकमध्ये ठेवली, खास जागा करून, रोज फोटो. महिना झाला, अंडी फुटेनात. पाचव्या आठवड्यात एका नराच्या पोटाखाली तसाच गुच्छ दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, नराला कुठली अंडी! हॉबीत ज्याला ग्रीन फंगस म्हणतात ते होतं. अंडी वेगवेगळी गोल दिसतात, मादी त्यांना पायांनी सतत वारा घालते, आत शेवटी शेवटी डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात. हे मात्र पोहायच्या पायांच्या मधून निघालेल्या तंतूंचं झुपकं असतं, भिंगातून बघितलं तर एका मिनिटात कळलं असतं. पण मला रंग दिसत होता ना. त्या टँकमधले निम्म्याहून जास्त गेले. तेव्हापासून भिंग टँकच्या झाकणावरच असतं.

बाकी गोष्टी पटकन. अंगावर गंजासारखा तपकिरी-काळा डाग असेल आणि त्याची कड खडबडीत, खड्डा पडल्यासारखी असेल तर तो कवचाचा बॅक्टेरियाचा डाग, वरवरचा असेल तर कातीबरोबर जातो, रंगाचा ठिपका गुळगुळीत असतो आणि कात टाकली तरी तिथेच राहतो. नाकाच्या टोकावर पांढरे बारीक कोंब म्हणजे स्कुटारिएला नावाचे चिकटून राहणारे बारीक किडे, पांढरा मुकुट नव्हे. मानेजवळ पूर्ण गोल पांढरी रिंग म्हणजे कात अडकतेय, तो रंग नाही, पाण्यातला जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा एकूण जडपणा, बघा. आणि पाठीवरून सरळ गेलेली फिकट रेघ, विशेषतः मोठ्या माद्यांत, ती नेहमीची गोष्ट आहे, तिच्यावर निवड करून गोल्डन बॅकसारखे प्रकार तयार झालेत पण एका मादीला रेघ आली म्हणून काही सिद्ध होत नाही.

समजा सगळं तपासून निळी खरी निघाली, मग लाइन करायची का? करा की, पण हिशोब समजून करा. सध्या तिला वेगळं ठेवा, दहा-पंधरा लिटरचा डबा, स्पंज फिल्टर जुन्या टँकमध्ये मुरवलेला, गडद तळ, पाणी त्याच टँकचं. जीएच सहा ते आठ, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दीडशे ते अडीचशेच्या मध्ये कुठेतरी स्थिर, तापमान बावीस-चोवीस, चेरीला एवढं पुरतं, आकड्यांच्या मागे लागू नका फक्त हलवू नका. मोठी मादी साधारण महिन्याने कात टाकते, दोनदा टाकू द्या. पोटाखाली आत्ता अंडी असतील तर ती तुमच्याच टँकमधल्या कोणाचीतरी आहेत, ती पिल्लं बाजूला काढा. त्यानंतर बीज साठत नसल्यामुळे ती कोरी आहे, म्हणजे पुढचा नर तुम्ही ठरवायचा. हाच तो मघाचा फायदा.

नर तुमच्या जुन्या शुद्ध लाल लाइनचा घ्या. जर तिचा निळा रिसेसिव्ह, म्हणजे आईबाप दोघांकडून मिळाला तरच दिसणारा, असेल तर पहिल्या पिढीत एकही निळा निघणार नाही, सगळे लाल किंवा मातकट, आणि इथेच लोक हात टेकतात आणि सगळं परत मोठ्या टँकमध्ये ओततात. थांबा. त्या भावंडांची आपसात पिल्लं होऊ द्या, दुसऱ्या पिढीत चारात एक या हिशोबाने निळे यायला पाहिजेत. हा चारात एक म्हणजे सरासरी बरं का. दहाच पिल्लं जगली तर त्यात एकही निळा न निघण्याची शक्यता पाच-सहा टक्के आहे, वीस जगली तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते, म्हणून वीसाच्या आत निकाल लावू नका. अंडी धरायला चारएक आठवडे, पिल्लं वयात यायला तीन-चार महिने, परत अंडी, परत रंग भरायला दीड-दोन महिने, म्हणजे सात-आठ महिन्यांनी उत्तर. आणि रंग एकाहून जास्त जनुकांवर असेल, जे चेरीमध्ये अगदी होतं, तर चारात एकचं गणित बसणारच नाही, सोळात एक किंवा मधल्या छटा येतील.

हे असंच घडून मोठं झालेलं उदाहरण सगळ्यांना माहितीये, क्रिस्टल रेड. नव्वदच्या दशकात जपानच्या हिसायासू सुझुकी यांना काळ्या-पांढऱ्या बी श्रिम्पमध्ये लाल पट्ट्यांचे निघाले. लाल रिसेसिव्ह, म्हणून काळ्याशी जोडले की पोरं काळी, आणि ती पोरं आपसात जोडली की परत लाल. मग वर्षानुवर्षं निवड. आज आपण जो जाड पांढऱ्या रंगाचा क्रिस्टल बघतो तो त्या पहिल्या लालांसारखा दिसतच नाही. त्या मूळ बी श्रिम्पला स्वतःचं शास्त्रीय नाव, कॅरिडिना लोगेमानी, मिळायला 2014 उजाडलं, त्याच पेपरमध्ये टायगरलाही कॅरिडिना मारिए नाव मिळालं. म्हणजे रंगांची नावं आधी आली, जातीचं नाव नंतर. नंतरचे तैवान बी, म्हणजे पांडा, किंग काँग, ब्लू बोल्ट, तेही असेच रिसेसिव्ह, म्हणून तैवान बी आणि साध्या क्रिस्टलचं मिश्लिंग, म्हणजे त्यांचं मिश्र पिल्लू, दिसायला साधंच असतं पण दोन मिश्लिंग जोडले की साधारण पाव पिल्लं तैवान. पण याची किंमत पण आहे, इतक्या जवळच्या नात्यात पिढ्यान् पिढ्या वाढवलेले हे प्राणी नाजूक झालेत, आम्लधर्मी सॉइल, आरओ पाणी, केएच (पाण्यातला कार्बोनेटचा जडपणा) जवळजवळ शून्य असं सगळं लागतं. चेरीचं तसं करू नका, दर तीन-चार पिढ्यांनी त्याच रंगाचं बाहेरचं रक्त आणा, आणि त्याच रंगाचं म्हणजे त्याच वाटेने आलेल्या निळ्याचं, नाहीतर परत तपकिरी, ते मघाचे दोन कारागीर आठवा. आणि हो, चेरी आणि बी श्रिम्प एकत्र ठेवले म्हणून संकर होत नाही, दोन्ही वेगळ्या प्रजाती-गटातले आहेत, तेव्हा कोणी निळ्या चेरीत पांडाचं रक्त आहे म्हणून सांगत असेल तर हसून सोडून द्या.

माझ्या स्वतःच्या टँकमध्ये एकदाच असं खरं निघालं. लाल रिलीमधून एक निळ्या अंगाची मादी, डोकं-शेपटी लाल आणि मधला पारदर्शक भाग निळा. कुठलाही जगावेगळा रंग नव्हता, ब्लू रिली म्हणून तो आधीपासून लोकांकडे होता, पण माझ्या टँकमध्ये माझ्या हिशोबाने निघाला याचं अप्रूप. पहिली पिढी सगळी साधी लाल रिली. दुसऱ्या पिढीत एकतीस पिल्लांत सहा निळे. तोपर्यंत ती मादी मरून गेली होती.

तेव्हा आता करायचं ते असं, नराला टॉर्चसमोर धरा, निळीला पांढऱ्या वाटीत घेऊन दुपारचा एक आणि लाइट बंद झाल्यावर चार तासांनी एक असे दोन फोटो काढा, दोन्ही वेळी शेजारी तीच लाल मादी असू द्या, आणि डब्यावर तारीख लिहून ठेवा. तिची कात सापडली की तीही फेकू नका, वाटीच्या कडेला चिकटवून सुकवा, दुसरी सापडेपर्यंत.